बादलींतली बैठक

पाट, चौरंग, झोपाळा, आरामखुर्ची, एस्. टी.चें बांक आणि बक्षीससमारंभाच्या व्यासपीठावरील लोखंडी घडीची खुर्ची, एवढ्या आसनांवर आम्ही आजवर बसलों आहों. बादलींत बसण्याचा योग मात्र सत्तरीनंतर, आणि तोहि विलायतेंत, आला. सन 2023 च्या उन्हाळ्यांत आम्ही व आमचें कुटुंब इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या गांवीं पुतण्याकडे तीन महिने राहून आलों. परत आल्यावर जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" आणि त्यास काय उत्तर द्यावें या विवंचनेंत आम्ही पडतों, कारण आमच्या मुक्कामाचा उत्तम भाग पुतण्याच्या गॅरेजमध्यें, एका लहानग्या मोटारींतील दोन बैठका काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या बसविण्याच्या खटपटींत गेला. त्या खटपटीचीच ही हकीकत आहे.

मोटार म्हणजे माझदा कंपनीची एम्. एक्स्.-5. हिरोशिमा येथें बनणारी ही दोन माणसांची उघडी गाडी प्रथम 1989 च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली, आणि 2016 सालीं या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. अशा उघड्या, चपळ गाड्या बनविणें हा एके काळीं इंग्रजांचा हातखंडा होता. ट्रायंफच्या गाड्या तर याच कॉव्हेंट्रींत बनत असत. ते कारखाने गेले, आणि त्यांची हौस जपान्यांनीं पुरविली. आमच्या पुतण्याजवळची गाडी 1991 सालची, म्हणजे त्याच्याहून चार वर्षांनीं धाकटी. तिचे दिवे बॉनेटमध्यें लपलेले असतात व कळ दाबली म्हणजे बेडकाच्या डोळ्यांसारखे टुणकन् वर येतात. मागें सामानास वीतभर डिकी. घरांत गाडी ही एकच आणि तिच्यांत जागा दोनच. त्यामुळें आम्ही चौघें कोठें निघालों कीं दोघांनीं मोटारींतून जावें आणि दोघांनीं बसनें, असा क्रम असे. आमचें कुटुंब पहिल्या दिवशींच बसच्या पक्षास मिळालें.

या गाडीच्या मूळच्या बैठकांस खरें पाहतां कांहीं झालें नव्हतें. परंतु पुतण्या उंचीनें सहा फूट एक इंच. कापडी टप चढविला कीं त्याचें डोकें टपास लागे, आणि टप उतरविला कीं पुढच्या कांचेची वरची कड नेमकी त्याच्या डोळ्यांच्या रेषेंत येई. या गाडीचे उंच मालक गादी उसवून आंतला स्पंज कापून काढतात. त्यानेंहि चालकाच्या बैठकीवर तो प्रयोग केला होता, व तेव्हांपासून ती बैठक उंदरांनीं कुरतडलेल्या गोधडीसारखी दिसत होती. हें झालें सांगण्याजोगें कारण. दुसरें कारण असें कीं, वर्षांतून दोनतीनदां तो लेस्टरशायरमधील मॅलरी पार्क येथें जातो. तेथें शर्यतीचा बंदिस्त रस्ता आहे, व पैसे भरले असतां त्यावर आपली गाडी मनसोक्त पळवूं देतात. तेथील वळणांवर आपण बैठकींतून घसरतों, अशी त्याची तक्रार होती.

ही तक्रार आम्हीं प्रथम हंसण्यावारी नेली. मग मास्तरकीची जुनी खोड जागी झाली. ताशीं 50 किलोमीटर वेगानें 25 मीटर त्रिज्येचें वळण घेतलें, तर 70 किलो वजनाच्या माणसास वळणांत वळवून आणण्यासाठीं कुशीवर सुमारें 55 किलोंच्या ओझ्याइतका जोर लागतो. हा जोर लावणार कोण? बैठक सपाट असेल तर तें काम गुडघ्यास आणि हातांस करावें लागतें. म्हणजे ज्या हातांनीं चाक फिरवावयाचें, त्याच हातांनीं माणूस चाकास लोंबकळतो. आपल्याकडील घोडेस्वारांस हें रहस्य पूर्वींच ठाऊक होतें. मांड पक्की असेल तर लगाम हलका राहतो. मांड सुटली कीं स्वार लगामास झोंबतो आणि बिचाऱ्या घोड्याचें तोंड फाटतें. माझदाच्या मंडळींनीं ही गाडी घडवितांना 'जिंबा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप, हें जपानी ध्येय डोळ्यांपुढें ठेवलें होतें. घोडा त्यांनीं उत्तम दिला. मांड ज्याची त्यानें बाजारांतून आणावी, असें आमच्या पुतण्याचें मत.

बाजारांत मिळणाऱ्या या मांडेस 'बकेट सीट' म्हणतात. खोलगट कवच, कमरेशीं व खांद्यांशीं वर आलेले कांठ, पाठ न मोडणारी. एकंदरींत एका बाजूनें कापलेली बादलीच. शर्यतीच्या गाड्यांत अशा बैठका फार पूर्वींपासून असत. त्या घरगुती गाडींत आणण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं स्टुटगार्टकडे जातें. विल्हेल्म रॉयटर यानें 1906 सालीं तेथें गाड्यांचे सांगाडे बांधण्याचा कारखाना काढला. पुढें 1963 सालीं सांगाड्यांचा धंदा पोर्शेकडे गेला, उरलेल्या मंडळींनीं रॉयटर आणि करोसेरी या दोन शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून 'रेकारो' हें नांव घेतलें, आणि 1965 सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत आपली खेळाडू बैठक मांडली. पोर्शेनें 1972 सालीं जी 911 कॅरेरा आर्. एस्. काढली, तिच्या हलक्या प्रकारांत तर मागच्या बैठका काढून टाकल्या, पुढें पातळ कवचाच्या ठेविल्या, आणि दार ओढण्यास मुठीऐवजीं कातड्याची पट्टी लावली. वजनाच्या बाबतींत ही मंडळी वैराग्याच्या अगदीं कांठावर पोहोंचलीं होतीं. पतंजलींनीं आसनाच्या ठायीं स्थैर्य आणि सुख हे दोन गुण मागितले. यांनीं पहिला घेतला आणि दुसरा वजनदार म्हणून टाकून दिला.

पुतण्यानें एका गृहस्थाकडून जुन्या दोन बादल्या विकत आणल्या होत्या. फायबरग्लासचें काळें कवच, त्यावर तळहाताएवढ्या पातळ गाद्यांचे तुकडे. पाठीमागें आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचें, 8855-1999 या नियमाचें लेबल होतें. त्या नियमाप्रमाणें बैठकीचें आयुष्य पांच वर्षें. या बैठकांची मुदत कधींच टळून गेली होती. शर्यतींत त्या आतां चालल्या नसत्या. रस्त्यावर तशी अट नाहीं. तरी मुदत टळलेल्या लेबलाकडे आम्हांस गतवर्षीच्या पंचांगाप्रमाणें पाहवेना, म्हणून बॅटरी घेऊन चारहि भोंकांभोंवतीं केसाएवढी कोठें चीर आहे काय, हें आम्हीं एक तासभर तपासलें. चीर निघाली नाहीं. पुतण्याच्या उत्साहास तेवढें पुरे झालें.

जुन्या बैठका चार चार बोल्टांनीं जमिनीस धरलेल्या होत्या. चौदा मिलिमीटरचा पान्हा घेतला, आणि तीन बोल्ट मुकाट्यानें आले. चौथ्यानें तीस वर्षांचा गंज अंगीं बाळगला होता. त्यास रात्रभर तेल पाजावें लागलें. दुसऱ्या दिवशीं बैठक उचलूं गेलों तों ती अर्ध्यावर अडली, कारण या गाडींत डोक्याच्या उशींतच गाण्याचे कर्णे बसविलेले असतात आणि त्यांच्या तारा खालून येतात, हें पुतण्या विसरला होता. बैठकीखालीं काय निघालें? दोन पेन्सांचें नाणें, कोणा बाईच्या केसांचा आंकडा आणि लहान मुलाचा निळा खडू. दोनच माणसांच्या गाडींत मूल कोणाच्या बैठकीवर बसून चित्रें काढीत होतें कोण जाणे. तो खडू आम्हीं खिशांत टाकला. पुढें हिशेबास तोच उपयोगी पडला.

हिशेब अर्थात् वजनाचा. विमानाचें सामान तोलण्यासाठीं पुण्याहून नेलेला आंकड्याचा कांटा आमच्याजवळ होता. जुनी बैठक भरली 16 किलो 200 ग्रॅम. नवें कवच 5 किलो 600 ग्रॅम. पुतण्याचा चेहरा उजळला. परंतु कवच कांहीं हवेंत तरंगत नाहीं. त्याच्या दोन बाजूंस लोखंडी पट्ट्या लागतात, त्या 2 किलो 100. मागेंपुढें सरकण्याचे रूळ, 2 किलो 400. आणि गाडीच्या जमिनींतील चारहि भोंकें एका पातळींत नसल्यामुळें त्यांवर बसणारी एक चौकट, ती 1 किलो 900. बेरीज बरोबर 12 किलो. बारा आणि बारा चोवीस. म्हणजे सर्व खटपट करून साडेनऊशें किलोंच्या गाडीचें ओझें 8 किलो 400 ग्रॅमनीं, म्हणजे शेंकडा एकानेंहि नव्हे, कमी व्हावयाचें. विकणारे वजन छापतात तें नुसत्या कवचाचें, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानीं आलें. तितकें वजन आम्हां दोघांस साखर सोडूनहि कमी करतां आलें असतें, असें आम्हीं सुचवून पाहिलें. पुतण्यास तें रुचलें नाहीं.

"काका, रूळ काढून टाकूं," तो म्हणाला. "खालीं पक्कंच करूं. प्रत्येकीं अडीच किलो वांचतील, आणि इंचभर खालींहि जाईल."

युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. रूळ गेले कीं बैठक अधिक घट्ट होते, डोकें टपापासून आणखी दूर जातें. आम्ही मान डोलावणार एवढ्यांत दारांतून आवाज आला, "मग मी गाडी चालवायची नाहीं का?" सूनबाई रुग्णालयांतून नुकतीच परतली होती. ती उंचीनें पांच फूट एक इंच. तिचे पाय क्लचपर्यंत पोहोंचावयाचे तर बैठक सहा इंच पुढें यावयास पाहिजे. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. रूळ राहिले.

त्या प्रसंगापासून आमच्या मनांत एक विचार घोळूं लागला. पाटावर आजोबा बसतात, त्यांच्या मागून नातू बसतो. पाटास त्याची दादहि नसते. ही बादली मात्र एकाच माणसाच्या मापाची, किंबहुना तिचा सगळा गुण त्या मापांतच आहे. ती जितकी नेमकी, तितकी दुसऱ्यास निरुपयोगी. गाडींतून लोखंडाचा एक तुकडा काढावा, आणि त्याबरोबर घरांतलें एक माणूस खालीं उतरावें, असा हा व्यवहार. रुळांबरोबर सूनबाई उतरत होती. पुढें कोण उतरणार होतें, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नव्हतें.

बसविण्याच्या कामांत दोन शनिवार गेले. दार आणि मधला बोगदा यांच्यामधील जागा वीस इंचांच्या आसपास. ज्या बोगद्यांतून इंजिनाची शक्ति मागल्या चाकांस जाते तो पायाशीं गुबगुबीत होत जातो. कवच आंत घालतांना एकदां बोगद्यास घांसे, एकदां दारास. पुढची कड वर घ्यावी तर मांड्यांना आधार मिळे पण क्लच दाबतां येईना. खालीं घ्यावी तर बसणारा पुढें घसरे. खालीं एक एक वायसर सरकवावें, पुतण्यानें बसून पाहावें, उठावें, पुन्हां वायसर काढावें. अशा वेळीं दुसऱ्या माणसाचें काम फक्त बॅटरी धरण्याचें असतें आणि तें तो नेहमीं चुकीच्या जागीं धरतो. आम्हीं तें काम निष्ठेनें केलें.

मग खटक्याचा प्रश्न निघाला. सुरक्षेच्या पट्ट्याची जीभ ज्यांत अडकते तो खटका या गाडींत जमिनीस नसून जुन्या बैठकीच्या आंतल्या अंगास बोल्टानें बसविलेला होता. बैठक गेली, तिच्याबरोबर खटकाहि गेला. नव्या चौकटीस त्यासाठीं जागाच ठेवलेली नव्हती. पुतण्यानें ड्रिल उचललें. बोगद्याच्या पत्र्यास भोंक पाडून, खालून एक वायसर घालून खटका तेथेंच आवळावा, असा त्याचा बेत होता.

येथें आम्हांस थोडें घरचें सांगितलें पाहिजे. आमचे थोरले बंधु, म्हणजे या पुतण्याचे वडील, 2008 सालीं पुणें-सातारा रस्त्यावर मोटारीच्या अपघातांत गेले. गाडींत पट्टा होता. शेजारच्याच गांवीं जायचें म्हणून तो त्यांनीं लावला नव्हता. पुतण्या तेव्हां एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर वहिनींचा एक नेम झाला आहे: मोटारींत बसल्या कीं प्रत्येकाच्या पट्ट्याचा 'खट्' असा आवाज कानीं पडल्याशिवाय त्या चालकास गाडी हलवूं देत नाहींत. आवाज ऐकावयाचा, नुसतें "लावला" म्हटलेलें त्यांना चालत नाहीं. यांतील एक अक्षरहि त्या गॅरेजमध्यें कोणी उच्चारलें नाहीं.

आम्हीं एवढेंच विचारलें, "हा पत्रा किती जाड आहे रे?"

"असेल एक मिलिमीटर."

कवचें ज्या खोक्यांतून आलीं होतीं त्याच्या पुठ्ठ्यावर आम्हीं निळ्या खडूनें हिशेब मांडला. पस्तीस वर्षें नववी-दहावीच्या मुलांस पदार्थविज्ञान शिकविलें. त्यांतील हा अगदीं पहिल्या सहामाहीचा भाग. गाडीचा वेग ताशीं 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदास जवळजवळ 14 मीटर. समोर भिंत आली, आणि गाडीचें नाक चेपून व पट्टा ताणून अर्ध्या मीटरच्या अंतरांत माणूस थांबला असें धरा. 70 किलोंच्या माणसास थांबविण्यास 13,500 न्यूटन बळ लागतें. बाजारी भाषेंत सांगावयाचें तर पावणेचौदाशें किलोंची ओढ, म्हणजे ही आख्खी गाडी उचलून वर आणखी अर्धी. ती ओढ ज्या टोंकांवर येते त्यांत खटक्याचा वांटा मोठा, कारण कमरेचा आणि खांद्याचा असे पट्ट्याचे दोन्ही पदर तेथेंच येऊन मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या 14 व्या नियमाप्रमाणें पट्ट्याच्या जागा तपासतात, त्यांतहि साध्या मोटारीच्या खांद्याच्या पदरावर 13,500 न्यूटन आणि कमरेच्या पदरावर तितकेच, असा भार एकदम लावून पाहतात. पट्ट्याचा बोल्टहि म्हणूनच ठसठशीत, 7/16 इंचाचा असतो. बाकी सर्व मापें मिलिमीटरचीं असलेल्या गाड्यांतसुद्धां हें एक इंची माप टिकून आहे. असा बोल्ट एक मिलिमीटर पत्र्यांतून, शिवणींतून धागा यावा तसा, वायसरासकट उपटून येईल.

पुतण्यानें पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहिलें. नंतर ड्रिल पेटींत ठेवून पेटी बंद केली. संध्याकाळीं त्यानें त्या चौकटीची मागणी रद्द करून दुसरी मागविली. हिला कारखान्यांतच जाड लोखंडाचा कान वितळवून जोडलेला असतो व खटका त्यास बसतो. चौकट स्वतः गाडीच्या मूळच्या चारहि बोल्टांस धरून राहते. ती साडेचारशें ग्रॅमनीं जड होती. त्याविषयीं कोणी हिशेब केला नाहीं.

शर्यतीच्या गाडींत असतो तसा चार टोंकांचा पट्टा लावण्याचाहि विचार त्याच्या मनांत होता. तो मात्र त्यानें आपण होऊनच सोडला. उघड्या गाडींत डोक्यामागें लोखंडी कमान नसेल, आणि गाडी उलटली, तर साध्या पट्ट्यांत माणूस निदान वांकूं तरी शकतो. चार टोंकांचा पट्टा त्यास ताठ बसवून ठेवतो आणि पहिला आघात डोक्यावर येतो. साध्याच पट्ट्यावर भागवावयाचें तर तो कवचाच्या कांठावरून न जातां कमरेच्या हाडाशीं, पोटाखालीं, सपाट बसला पाहिजे. कांठ फार उंच असले तर पट्टा पोटावर चढतो. हेंहि एकदां तपासावें लागलें. विमा कंपनीस हा बदल कळविणें तेथें भाग असतें, आणि दरवर्षींच्या एम्. ओ. टी. तपासणींत बैठक हलते कीं काय, पट्टा नीट आहे कीं नाहीं, हेंहि पाहतात. इंग्रजांचा हा नेम आम्हांस आवडला.

नवी चौकट येईपर्यंत डाव्या बाजूचें, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेचें कवच नुसतें जागेवर ठेवून पाहिलें होतें. आमच्या मनांत मोह उत्पन्न झाला. आम्ही दार उघडलें, उजवा पाय आंत टाकला, आणि शरीराचा उरलेला भाग देवाच्या हवालीं केला. बसलों खरे! दोन्ही बाजूंनीं कमर अशी धरली गेली कीं, लहानपणीं आईनें कडेवर घेतल्यानंतर इतका आधार आम्हांस कोणी दिला नव्हता. पुतण्याचा सगळा हट्ट एका क्षणांत पटला. पांच मिनिटांनीं उठावेंसें वाटलें, आणि उठतां येईना. हात टेकण्यास जागा नाहीं. कांठ मांडीखालीं रुतलेला. जमीन गुडघ्याच्या पातळीस. पुतण्यानें काखेंत हात घालून ओढलें, तेव्हां आम्ही हिसड्यासरशीं बाहेर आलों.

चहा घेऊन आलेलें आमचें कुटुंब हा सोहळा पाहत उभें होतें. तें हंसलें नाहीं, तेव्हांच आम्हीं ओळखलें. तें म्हणालें, "अहो, वहिनी यांत बसणार कशा?"

वहिनींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्यें झाली होती, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या जुलैअखेर दोन महिन्यांसाठीं येणार होत्या. पंधरा वर्षांत प्रथमच त्या मुलाच्या घरीं यावयाच्या होत्या. आम्हां तिघांसहि हें ठाऊक होतें, आणि कोणाच्याहि डोक्यांत आलें नव्हतें.

"टॅक्सी करूं कीं, काकू," पुतण्या म्हणाला. "आई असेपर्यंत जिथं जायचं तिथं टॅक्सी."

कुटुंबानें कप उचलले आणि तें आंत गेलें. टॅक्सी करणें हा कांहीं अपराध नव्हे, आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हीं मनांतून पुतण्याचाच पक्ष घेतला होता. दोन्ही बादल्या शेजारीं शेजारीं किती शोभत होत्या! एक नवी आणि एक जुनी बैठक म्हणजे एका पायांत जोडा आणि एका पायांत खडाव. शिवाय त्यानें कष्टाचे पैसे घातले होते, आणि तरुण माणसास एखादी वस्तु संपूर्णपणें आपल्या मनासारखी असावी असें वाटलें तर त्यास दोष काय द्यावा? आमच्या वाड्यांत अशी एकहि वस्तु कोणाच्या वांट्यास आली नाहीं, हें कांहीं त्या वस्तु नसण्याचें समर्थन होत नाहीं. पण वहिनींचें तसें नव्हतें. मुलाच्या गाडींत बसण्यासाठीं त्या येत नव्हत्या, परंतु मुलानें गाडी आणली आणि तिच्यांत आपल्याला जागा नाहीं, हें त्यांना विमानतळावर कळलें असतें.

दोन दिवस गॅरेज बंद राहिलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पान्ह्याचा आवाज आला म्हणून आम्ही गेलों, तों पुतण्या डाव्या बाजूची जुनी बैठक परत बसवीत होता. कवच भिंतीस टेकून ठेवलेलें होतें.

"काका, हा बोल्ट जरा धरा," तो म्हणाला. आम्हीं धरला. डोक्याच्या उशीच्या तारा या वेळीं तो विसरला नाहीं.

उजवी बादली नव्या चौकटीवर बसली, खटका कानास आवळला, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे फेरी मारून आलों. त्याचें डोकें टपाखालीं तीन बोटें सुटें राहत होतें, आणि वळणावर तो बैठकींत असा स्थिर होता कीं, चाकावर त्याचीं नुसतीं बोटें टेकलेलीं. हात मोकळे झाले कीं माणूस गाडी किती हळुवार हांकतो, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. वजनाचा हिशेब हांसण्यावारी गेला, तरी मांडेचा हिशेब खरा ठरला. आमची स्थिति निराळी. तो बादलींत आणि आम्ही ताटांत. प्रत्येक वळणास आम्ही लाडवासारखे एकदां दाराकडे आणि एकदां त्याच्या खांद्याकडे घरंगळत होतों. त्यानें दोनदां विचारलें, "काका, ठीक ना?" आणि आपणहून वेग कमी केला.

उरलेलें कवच एकट्याचें कोणी विकत घेईना. सूनबाईनें त्यास खालीं दोन फळ्या ठोकून घेतल्या व तें बैठकीच्या खोलींत खिडकीशीं ठेवलें. आमचें कुटुंब त्यांत बसून मटार सोलूं लागलें. बांध्यानें तें लहान, त्यामुळें त्यास उठतांना कसलाच त्रास होत नसे; उलट मटाराचें ताट ठेवण्यास कांठ फार सोयीचे आहेत, असा त्याचा अभिप्राय पडला.

जुलैच्या शेवटल्या आठवड्यांत वहिनी बर्मिंगहॅमच्या विमानतळावर उतरल्या. सामान डिकींत मावणें शक्यच नव्हतें. तें घेऊन सूनबाईनें व आम्हीं आगगाडीनें कॉव्हेंट्रीस जावयाचें, आणि वहिनींनीं मुलाबरोबर मोटारींतून, असें ठरलें होतें. ऊन होतें म्हणून टप उतरविलेला. वहिनींनीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली, "ही एवढीच?" म्हणून विचारलें, आणि व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितल्याप्रमाणें प्रथम आडव्या बसून मग एक एक पाय आंत घेतला. पुतण्या आपल्या बादलींत उतरला. शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोघांत एका वीतेचें अंतर पडलें होतें. तो खालीं, त्या वर.

त्यांनीं पट्टा ओढला. खट्. दोनदां हिसडा देऊन पाहिला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा?"

कवचाच्या कांठाआड खटका खोल जातो, तो हातास चटकन् लागत नाहीं. पुतण्या मान वांकडी करून बोटांनीं चांचपत होता. वहिनी हात मांडीवर ठेवून थांबल्या. मागें कोणी मोटारवाला वाट पाहत होता, त्यानें एकदां कर्णा वाजविला. त्याकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं.

खट्.

"हं," त्या म्हणाल्या, "चल आतां."

आम्ही सूनबाईबरोबर दोन बॅगा ओढीत स्टेशनाकडे वळलों.